ओतू का?

काल रात्री उशिरा एका मित्राचा मेसेज आला. सोबत फोटो: इंजिन ऑइलमध्ये वरून ओतायच्या ॲडिटिव्हची (झीज कमी करतं म्हणे, अशा रसायनाची) काळी चकचकीत बाटली, त्यावर सोनेरी अक्षरं, मागे त्याच्या लाडक्या गाडीचं बॉनेट उघडं. खाली दोनच शब्द. "ओतू का?"

मी "नको" लिहून झोपलो. सकाळी बघतो तर अकरा मेसेज. "का नको?", "रेसवाले वापरतात रे", एक व्हिडिओ, पुन्हा "का नको ते सांग". म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्याच्यासाठी, आणि वर्षातून चार-पाच वेळा हाच प्रश्न विचारणाऱ्या बाकीच्यांसाठीही.

डब्यातलं इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नसतंच मुळी. त्यात ॲडिटिव्ह आधीच घातलेली असतात, कधी कधी तर पार पाचव्या हिश्श्यापर्यंत. मळ सोडवणारं डिटर्जंट, सुटलेली काजळी तरंगत ठेवणारं डिस्पर्संट, तापल्यावर तेल पाण्यासारखं होऊ न देणारं पॉलिमर, फेस मोडणारं चिमूटभर सिलिकॉन. आणि झीज रोखायला झेडडीडीपी, म्हणजे जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचं संयुग. १९४० च्या दशकात ते तेलात आलं ते बेअरिंग गंजू नयेत आणि तेल लवकर खराब होऊ नये म्हणून. झीज थांबवण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. आज ऐंशी वर्षं झाली, पण त्याला पुरता पर्याय कुणाला सापडलेला नाही.

हे झेडडीडीपी काम कसं करतं ते मला अजूनही भारी वाटतं. धातूवर धातू घासायला लागला की तिथल्या उष्णतेने आणि दाबाने ते फुटतं आणि पृष्ठभागावर फॉस्फेटचा काचेसारखा थर चढतो. जाडी साधारण शंभरेक नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या कैक शेकडो पट कमी. पुढच्या घासण्यात लोखंडाऐवजी हा थर झिजतो, आणि झिजला की पुन्हा चढतो. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईखाली हा थर वाढताना प्रत्यक्ष पाहिला. दाब वाढवला की थर भराभर वाढतो, आणि पुरेसा झाला की आपोआप थांबतो. हे "आपोआप थांबतो" नीट लक्षात ठेवा. दुप्पट झेडडीडीपी ओतलं म्हणून दुप्पट संरक्षण मिळत नाही, ते याचमुळे. उलट प्रमाण फार झालं तर हीच रसायनं धातूला खायला लागतात.

आता मूळ मुद्दा. असा थर इंजिनात लागतो तरी कुठे?

क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) आणि त्याला पिस्टन जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकतच नाही, म्हणजे टेकायला नको. फिरता दांडा तेलाला स्वतःच्या खाली ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. तिथे सगळा खेळ तेलाच्या दाटपणाचा, रसायनाचा नाही. कॅम (झडपा उघडणारे उंचवटे) आणि टॅपेट (त्यांच्याखाली दबणारे तुकडे) जिथे घासतात तिथे मात्र तेल पिळून बाहेर जातं आणि हा रासायनिक थर खरोखर कामाला येतो. पिस्टनच्या रिंगांचंही तसंच. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, तेव्हा रिंगखाली तेल ओढून घ्यायला वेगच नसतो. ८,००० आरपीएमला हे थांबणं, वर आणि खाली मिळून, सेकंदाला २६६ वेळा होतं. बिचाऱ्या रिंगा.

आणि स्पोर्ट्स कारमध्ये महागात काय पडतं? कॅम नाही. बहुतेक नव्या इंजिनांत कॅमखाली रोलर असतात, नाहीतर डीएलसी (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचं) कोटिंग असलेली बकेट, म्हणजे वाटीसारखे टॅपेट. पडतात ती बेअरिंग. बीएमडब्ल्यूच्या एस६५ आणि एस८५ या इंजिनांच्या रॉड बेअरिंगवरून एम गाड्यांचे मालक वर्षानुवर्षं भांडतायत. कुणी म्हणतं दांडा आणि बेअरिंगमधली फट कमी ठेवली, कुणी म्हणतं १०डब्ल्यू-६० (पहिला आकडा थंडपणीच्या दाटपणाचा, दुसरा गरमपणीच्या) तेल थंडपणी फार जाड पडतं, कुणी म्हणतं लोक गाडी गरम न करताच पळवतात. भांडण कुठल्या बाजूने मिटेल ते मिटो, पण ते चाललंय फट, दाटपणा आणि तापमान यांवर.

म्हणून डब्यावरचा बघण्यासारखा आकडा म्हणजे एचटीएचएस. १५० अंश सेल्सियसला, प्रचंड वेगाने चिरडलं जात असताना तेलाचा दाटपणा किती उरतो ते हा आकडा सांगतो. २० ग्रेडच्या तेलाला किमान २.६ पुरतो, ३० ला २.९. युरोपच्या ए३/बी४ वर्गातल्या तेलाला किमान ३.५ लागतो. शेवरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचंच बघा ना. सी७ पिढीत कारखान्यातून ५डब्ल्यू-३० भरून यायचं, आणि ट्रॅकवर नेणार असाल तर १५डब्ल्यू-५० भरा, परत आल्यावर बदला, असा कंपनीचाच सल्ला होता. २०१९ च्या मॉडेलपासून दोन्हीसाठी ०डब्ल्यू-४० आलं. एखादी बाटली ओतून भागलं असतं तर एवढी उठाठेव कुणी केली नसती.

आता व्हिडिओबद्दल. त्यात फिरत्या चकतीवर तरफेने धातूचा तुकडा दाबतात. साध्या तेलात किंचाळत थांबतं, बाटलीतलं दोन थेंब टाकलं की गपगुमान फिरतं. टाळ्या. अहो, त्या यंत्रावर लोकांनी शॅम्पू लावूनही छान निकाल काढून दाखवलेत. तिथला दाब आणि घासण्याची तऱ्हा इंजिनात कुठेच नसते. त्या खेळात हमखास जिंकतात ती क्लोरीनवाली ॲडिटिव्ह, आणि तोच क्लोरीन इंजिनात ज्वलनातून येणाऱ्या पाण्याशी गाठ पडली की आम्ल बनवतो.

टेफ्लॉनची पूड घातलेल्या बाटल्यांची कथा तर जुनीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये स्लिक ५० वर तक्रार दाखल केली, की इंजिनाची झीज कमी होते या दाव्यांना पुरेसा आधार नाही. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि तसले दावे बिनपुराव्याने करायला बंदी आली. बाटल्या गेल्या नाहीत. नुसती लेबलं बदलली.

"पण नुकसान तर नाही ना?" हा पुढचा ठरलेला प्रश्न. असू शकतं. तेलातली ही सगळी मंडळी धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागेसाठी भांडत असतात. डिटर्जंट, झेडडीडीपी, घर्षण कमी करणारं मॉलिब्डेनम, सगळ्यांना तिथेच बसायचंय. बनवणाऱ्याने तोलून मापून बसवलेल्या पंगतीत तुम्ही आगंतुक घुसवता. मॉलिब्डेनमचंच घ्या. पोलादावर ते उत्तम, पण हायड्रोजन असलेल्या डीएलसी कोटिंगवर काही प्रकारचं मॉलिब्डेनम झीज उलट वाढवतं, हे प्रयोगांत दिसलंय. किंवा कॅल्शियम. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनात कमी वेगाला जोर दिला तर कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. पिस्टन फोडण्याइतका तो दणका असतो. तेलातलं जास्तीचं कॅल्शियम त्याला खतपाणी घालतं, म्हणून नव्या तेलांत बऱ्याच ठिकाणी मॅग्नेशियम आणलं. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या २०२० च्या एसपी दर्जात त्याची परीक्षाही घेतली जाते. आणि तुम्ही वरून काय ओतताय? बाटलीवर लिहिलेलंही नसतं.

मागे दुसऱ्या एका मित्राच्या गाडीचा ऑइल फिल्टर मी कापून उघडला होता. त्याआधी दोनदा नवं तेल भरताना त्याने अशीच एक बाटली ओतलेली. फिल्टरचा कागद लांब पसरला, उन्हात धरला. चमचम. चुंबक फिरवला तर जवळजवळ काहीच चिकटेना, म्हणजे लोखंड नाही. बोटावर घेऊन चोळलं तर तांबूस पापुद्रे. बेअरिंगच्या वरच्या थराखालचं तांबं दिसायला लागलं होतं. तेल प्रयोगशाळेत तपासून रिपोर्ट मागवला, त्यात मॉलिब्डेनम भरमसाट (बाटलीची कृपा), लोखंड एकदम व्यवस्थित, तांबं आणि शिसं चढलेलं. बाटलीने बेअरिंग मारलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नव्हता. कारण निघालं भलतंच. गडी ट्रॅकवर जायचा आणि तेलाची पातळी खालच्या खुणेवर ठेवायचा. वळणावर एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, जोर बसला की संपमधलं (इंजिनाखालच्या टाकीतलं) तेल ४५ अंशांत कलतं. लांब वळण असेल तर पंपाच्या जाळीपाशी हवा येते, आणि बेअरिंगखालून तेलच निघून जातं. तिथे जगातलं कुठलंही ॲडिटिव्ह काय करणार? पण बाटली ओतलीये म्हणून तो निर्धास्त होता. माझा खरा राग या निर्धास्तपणावर आहे.

आणि हो, एक प्रामाणिक अपवाद. जुन्या गाड्या. ज्यांच्या कॅमवर सपाट टॅपेट किंवा रॉकर (झडप दाबणारी तरफ) थेट घासतो, उदाहरणार्थ एअर-कूल्ड पोर्शे ९११, त्यांना झेडडीडीपी भरपूर लागतं. धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर त्यातल्या फॉस्फरसने खराब होतो म्हणून फॉस्फरसवर मर्यादा येत गेली. २००४ च्या एपीआय एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या तेलात ती ०.०८ टक्क्यांवर आली. त्यामुळे जुन्या इंजिनांच्या मालकांची तक्रार खरी आहे. नवा कॅम बसवून पहिल्यांदा इंजिन चालू करताना तर फारच जपावं लागतं. नखाला लागेल एवढा चर कॅमच्या टोकावर मी स्वतः पाहिलाय, जेमतेम काही तास चाललेल्या इंजिनात. पण तिथेही माझं मत हेच, की मुळात जास्त जस्ताचं, जुन्या इंजिनांसाठीच बनवलेलं तेल घ्या.

तर मित्रा, तुझी गाडी जुनी नाही, टर्बो आहे, डायरेक्ट इंजेक्शनची आहे. ओतू नकोस. सांगितलेल्या दर्जाचं तेल भर, पातळी वरच्या खुणेजवळ ठेव. पाण्याचा काटा वर आला म्हणून लगेच रेडलाइनला (इंजिनाच्या कमाल वेगाला) जाऊ नकोस, तेल गरम व्हायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तुझं रोजचं जाणं-येणं दहा मिनिटांचं. तेवढ्यात तेल तापत नाही आणि पेट्रोल त्यात उतरत राहतं, तेव्हा तेल ठरल्यापेक्षा लवकर बदल. बदलताना गरम तेलाची पहिली धार जाऊ दे, मधल्या धारेतून नमुना घे, बाटली स्वच्छ हवी. फिल्टर फेकू नकोस, आपण कापून बघू, कारण मोठे कण त्या रिपोर्टात दिसतच नाहीत. रिपोर्ट आला की पाठव. मी आधी तांबं आणि शिसं बघणार.