दोन मिनिटं मौन

रविवारी दुपारी एकला मी वालाचं बिरडं खाल्लं. तीन वाट्या. आई म्हणाली, "खा रे. मोड आणून, सोलून केलंय. हिंग आहे, आमसूल आहे. काही बाधत नाही." सोललं मीच होतं. परातीभर भिजलेले वाल चिमटीत दाबत बसायचं. दर दहावा दाणा सटकून कपाटाखाली जातो. तिसरी वाटी ही त्याची मजुरी.

आईचं म्हणणं निम्मं खरं होतं. मोड आले की वालातल्या रॅफिनोज आणि स्टॅचिओज नावाच्या साखरा कमी होतात, संपत नाहीत. आणि त्या फोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या आतड्यात मुळात नाहीच. लाळ, जठरातलं आम्ल, स्वादुपिंडाचा रस, कुणालाही त्या दाद देत नाहीत. सहाएक मीटर लहान आतडं जसंच्या तसं पार करून मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे जिवाणूंची पंगत पानं मांडून बसलेलीच असते. त्या साखरा खाऊन ते वायू सोडतात: हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनसुद्धा! जेवतात ते, ढेकर देतात ते, नाव मात्र माझं जातं. (या तिन्हींना वास नसतो. वास गंधकाच्या संयुगांचा. पण हे कुणाला समजावून सांगणार?)

एवढ्या प्रवासाला साधारण पाच-सहा तास लागतात. सोसायटीची वार्षिक सभा साडेसहाला होती.

सेक्रेटरींनी सुरुवातीलाच वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली आणि म्हणाले, "दोन मिनिटं मौन." हिशोबाचे कागद उडत होते म्हणून कुणीतरी पंखाही बंद केला. त्या पंख्याच्या घरघरीवर माझी सगळी भिस्त होती.

पहिल्या अर्ध्या मिनिटात पोटात डावीकडे काहीतरी सरकलं. मी श्वास रोखला. मग आवाज आला. टाकीत पाणी चढायला लागल्यावर पाइप बोलतो ना, अगदी तसा. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खरंच वर टाकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. चेहऱ्यावर शक्य तेवढी काळजी आणली.

दुसरा आवाज लांबलचक होता आणि शेवटाला वर गेला, काहीतरी विचारल्यासारखा. आता टाकीकडे बघण्यात अर्थ नव्हता. कुणाचे तरी खांदे हलायला लागले. ते रडत नव्हते.

सेक्रेटरी "ओम शांती" म्हणाले, तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते असं मला आजही वाटतं.

खुर्च्या सरकल्या, पंखा सुरू झाला. शेजारचे तळमजल्यावरचे आजोबा समोर बघतच हळूच म्हणाले,

"वाल?"

"हो आजोबा."

"आमच्याकडे काल पावटे होते." त्यांनी खिशातून डबी काढली, चिमूटभर ओवा माझ्या तळहातावर ठेवला, आणि उरलेला स्वतःच्या तोंडात टाकला.