सोळा पौंड

अर्जावर नाव, पत्ता, ॲलर्जी आणि वजन असे चार रकाने होते. पहिले तीन मी खरे भरले.

चौथ्यात 180 पौंड लिहिलं. याला खोटं म्हणता येणार नाही. एके काळी ते खरं होतं, मुलीच्या बाप्तिस्म्याच्या फोटोंत त्याचा पुरावा आहे. मुलगी आता कॉलेजात आहे, एवढंच.

हा अर्ज मी आपण होऊन भरला असं कुणी समजू नये. अँकरेजच्या आमच्या मंडळीतून दर उन्हाळ्यात काही जण मुलांच्या ख्रिस्ती कॅम्पला मदतीला जातात. कॅम्प डोंगरांच्या पलीकडे, सरोवराच्या काठावर. रस्ता नाही. अलास्कातल्या बहुतेक खेड्यांना तो नसतोच, तिथे लहान विमान म्हणजे एसटी. पाळकसाहेबांनी घोषणा केली तेव्हा मी उपासनेनंतरच्या केकवर लक्ष ठेवून होतो. हिने हात वर केला. स्वतःचा नव्हे. माझं कोपर धरून माझा.

नगरला आईला फोनवर सांगितलं तर तिला भरून आलं. अमेरिकन मिशनरींनी नगरला ठाणं मांडलं ते 1831 साली, आणि आमच्या घरात बायबल, पेटी आणि इंग्रजी व्याकरण आलं ते त्यांच्याच मागून. "ते बैलगाडीतून आपल्याकडे आले, आता आपला मुलगा विमानातून त्यांच्याकडे चाललाय," असं तिने रविवारी अख्ख्या मंडळीला सांगितलं. मला कॅम्पात भांडी घासायची आहेत हे मी तिला सांगितलं नव्हतं. आणि बैलगाडीत बसण्याआधी मिशनरींचं वजन करत नसत, हा मुद्दा तिच्या लक्षात येण्यासारखा नव्हता.

मेरिल फील्ड हा अँकरेज शहराच्या कुशीतलाच लहान विमानांचा तळ. मोठ्या विमानतळावर आपण प्रवासी असतो, इथे माल. हँगरच्या कोपऱ्यात जमिनीलगतचा काटा होता, नगरच्या मार्केट यार्डात गोण्यांसाठी असतो तसा. माझ्याआधी बटाट्याचं पोतं चढलं आणि उतरलं, मग टॉयलेट पेपरचा गठ्ठा, मग मी. आकडे लाल, वीतभर उंचीचे, आणि सगळ्यांना दिसतील असे लावलेले.

196.

पायलटने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग आकड्याकडे, मग माझ्याकडे. मी पेशाने हिशेबनीस. ताळेबंदात सोळाचा फरक निघाला की माझा चेहरा कसा होतो, ते त्या दिवशी मला समोरून पाहायला मिळालं.

"बूट आहेत," मी म्हणालो.

"सोळा पौंडांचे?"

विमान सेसना 206. आसनं सहा, पण मागची काढून तिथे सामान भरलेलं. त्याने सकाळीच वजनाची बेरीज जुळवून ठेवली होती आणि ती काठोकाठ होती. पेट्रोल कमी करावं, तर एका गॅलनमागे सहा पौंड सुटतात खरे. पण खिंड बंद निघाली तर तेच पेट्रोल परत आणतं. पायलटला खाली ठेवता येत नाही. मला ठेवता येईल का, यावर त्याने क्षणभर विचार केला असावा. मग तो ढिगाशी गेला आणि कांद्याचं 25 पौंडांचं जाळीचं पोतं उचलून बाजूला ठेवलं. हिशेब एकदा बिघडला की माणूस सगळीच वही उलगडतो, तशी त्याने माझी बॅगही उघडली. लोणच्याची बरणी बाहेर आली. ती मी हळूच कोटाच्या खिशात सरकवली.

"खिसाही आपल्याबरोबरच येणार आहे ना?" पाठ न वळवता त्याने विचारलं.

बरणी कांद्यांशेजारी राहिली.

जड माणूस पुढे, असा त्याचा नियम. ही मानाची जागा नव्हे हे त्याने वेगळं सांगितलं नाही. या विमानात पायलटसमोर असतं तसंच सुकाणूचं अर्धं चाक शेजारच्याही समोर असतं, आणि दोन्ही आतून जोडलेली. त्याने त्याचं मागे ओढलं की माझं आपोआप माझ्या पोटावर चालून येई. "पोट आत," तो म्हणाला. मी घेतलं. पुढचा तासभर मी श्वास फक्त खांद्यांनी घेतला, कारण माझ्या पोटाने विमान खाली जावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

कुक इनलेटचं करडं पाणी ओलांडलं की लेक क्लार्क पास लागतो. हा घाटच. दोन्ही बाजूंना काळे कडे, कड्यांतून लोंबणाऱ्या निळसर हिमनद्या, खाली राखाडी नदीचे फाटे. विमानं आपापल्या उजव्या बाजूने जातात, आणि पायलट दर थोड्या वेळाने रेडिओवर आपण कुठे पोचलो ते सांगतो, समोरून येणाऱ्याला कळावं म्हणून. वळणावर हॉर्न द्या, तसंच. मला एकदम माळशेज आठवला. फरक इतकाच, की माळशेजला ढगात शिरलं तर गरम भजी मिळतात, इथे डोंगर मिळतो.

खडीच्या धावपट्टीवर उतरलो तर स्वयंपाकघराची मुख्य आजी चार चाकी मोटारबाईक घेऊन उभीच होती. मूळची टेक्सासची, सत्तरीची, दंड माझ्या मांडीएवढे. तिने पोती मोजली.

"कांदे?"

पायलट काही बोलला नाही. त्याने फक्त अंगठा माझ्याकडे केला.

आजीने मला खालून वर पाहिलं, जरा सावकाशच. "असू दे," ती म्हणाली. पुढे आठवडाभर हे "असू दे" मी रोज ऐकलं. राजमा-खिम्याच्या चिलीवर ऐकलं, बटाट्यांवर ऐकलं, मीटलोफवर तर दोनदा. पहिला घास घ्यायचा, खिडकीबाहेर बघायचं, म्हणायचं "असू दे". तिसऱ्या दिवशी तंबूतल्या बारक्या पोरांनाही ठाऊक झालं होतं की हा काका कांद्याच्या जागी आला आहे. ज्या जिल्ह्यात कांद्याच्या भावावर लग्नाच्या तारखा मागेपुढे होतात तिथला मी, आणि साठ माणसांचा कॅम्प माझ्यापायी कांद्यावाचून जेवत होता.

काम म्हणजे भांडी. तीन हौद: साबणाचा, साध्या पाण्याचा, ब्लीचचा. पॅनकेकचा तवा घासून होईतो मीटलोफचे ट्रे यायचे. जरा बाहेर मोकळ्या हवेत जावं तर तिथे डास. अलास्काचा अधिकृत राज्यपक्षी विलो टार्मिगन आहे, पण लोक डासाचंच नाव घेतात. आपला डास चोर आहे. कानाशी गुणगुणतो, हात उगारला की पळतो. हा वसुलीला आलेला असतो. जाळीची टोपी घालता येते, पण जेवणाआधीची प्रार्थना टोपी काढून करावी लागते, आणि आजीची प्रार्थना लांबलचक. आमेनला तोंड उघडेपर्यंत ते ओळीत उभे असायचे.

मुलं बहुतेक युपिक, ब्रिस्टल उपसागराकडच्या आणि इलियाम्ना सरोवराकाठच्या खेड्यांतली. आठ-नऊ वर्षांची पोरं विमानातून पाठीवर दप्तर टाकून अशी उतरली, जशी आपली रिक्षातून उतरतात. पहिल्या सकाळी मला वाढायला उभं केलं.

"पॅनकेक हवा?" मी पहिल्या मुलाला विचारलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. बोलला नाही. भुवया तेवढ्या जराशा वर गेल्या. लाजाळू आहे, भूक नसेल, म्हणून मी पुढच्याला विचारलं. त्यानेही पाहिलं, भुवया उचलल्या, ताट पुढे धरून उभा राहिला. असे पाच झाले. माझा रंग, माझे उच्चार, की माझी कांद्यांबाबतची कीर्ती, याचा मी विचार करत होतो तेवढ्यात आजीने मागून झारा हिसकावला. "अरे, हो म्हणतायत ती!"

युपिक लोकांत भुवया उचलणं म्हणजे हो. हे कळल्यावर मी सावरलो. पण मग उलटा घोळ सुरू झाला. एका मुलीने विचारलं, आणखी सिरप घेऊ? मी प्रेमाने मान डोलावली, आपण डोलावतो तशी, दोन्ही खांद्यांकडे. तिने बाटली खाली ठेवली आणि खिन्न होऊन निघून गेली. तिचं हो भुवईत, माझं हो मानेत, आणि अधेमधे पॅनकेक गार.

तिचं नि माझं सख्य झालं ते माशामुळे. पाचव्या दिवशी टबभर सॉकाय सामन आला. आजीने मला सुरी दिली. मी पहिल्या माशाशी वाटाघाटी करत होतो, तेव्हा ही जेमतेम अकरा वर्षांची मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात उलुआक होतं. अर्धगोल पातं, वर आडवी मूठ. आपली विळी पाटावरून सोडवून हातात घेतली तर कशी दिसेल, तसं. तिने मासा फळीवर टाकला, कल्ल्यामागे एक चीर दिली, आणि मग पातं नुसतं डोलत शेपटीपर्यंत गेलं. लालभडक मांस काट्यावरून असं सुटलं, जसं उकडलेल्या रताळ्याचं साल सुटावं. मासा उलटला, पुन्हा तेच. माझा पहिलाच चालू होता तोवर तिचे चार झाले. मग तिने माझ्या माशाकडे पाहिलं. तिला बहुधा त्याची दया आली. ती काही बोलली नाही, फक्त माझी सुरी काढून घेतली.

आता रात्रीचं. जुलैत तिथे सूर्य अकरानंतर मावळतो आणि सहाच्या आत कामावर हजर. मधल्या वेळातही पुरता अंधार असा पडतच नाही, त्यामुळे झोप लागत नाही, आणि जागा माणूस पन्नाशीत कुठे जातो हे सांगायला नको. संडास झाडीत, शंभर पावलांवर. वाटेवर अस्वलाचे पंजे उमटलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. माझं पाऊल त्यात घालून पाहिलं, आजूबाजूला जागा उरली. नियम असा की जाताना आवाज करत जायचं, म्हणजे अस्वल दचकत नाही. दचकलेलं अस्वल वाईट. मुलं टाळ्या वाजवतात, कुणी गातं.

मी पहिल्या रात्री भजन धरलं. पण रात्री दोनला, एका हाताने डास मारत आणि दुसऱ्याने नाडी धरून, दुसरं कडवं आठवत नाही. आणि थांबलं की शांतता, आणि शांततेत झाडी हलते. तेव्हा मनात जे सगळ्यात खोल रुजलेलं होतं तेच बाहेर आलं.

"बे एके बे! बे दुणे चार! बे त्रिक सहा!"

जाताना बे ते सहा, येताना सात ते बारा. एकदा पोट जास्त बिघडल्यामुळे एकोणीसपर्यंत पोचलो, पण एकोणीसच्या पाढ्यात मी सत्तेला अडकतो, इयत्ता तिसरीपासून अडकतो. तिथेच थबकलो. झाडीत काहीतरी मोडलं. उरलेली साठ पावलं मी पाढ्याविना आणि एका चपलेवर कापली.

दोन दिवसांनी दुपारी भांडी घासत असताना वाटेवरून तीन पोरं चाललेली दिसली, टाळ्या देत, सुरात: "बे एके बे! बे दुणे चा!" संध्याकाळी शेकोटीपाशी एकाने विचारलं, ही तुमच्या भाषेतली प्रार्थना का? हो म्हणावं की नाही म्हणावं, या विचारात माझी मान डोलली. त्यांनी सोयीचा अर्थ घेतला.

आठवडा संपला त्या सकाळी खिंडीत ढग भरले. घाट बंद. सॅटेलाइटवरून निरोप आला: उद्या बघू. उद्याही तोच निरोप आला. मला ऑफिसची काळजी, पण अलास्कात "हवेने अडकलो" हे असं कारण आहे की त्यावर साहेब काही विचारत नाही. आपल्याकडे पूर्वी नदीला पूर आला की शाळा काही विचारत नसे, तसं. मुलांना तर सुट्टी वाढल्याचाच आनंद. स्वयंपाकघरात मात्र खोक्यातलं संपत आलं होतं. उरली होती पायलट ब्रेड, म्हणजे तळहाताएवढी, जाड, गोल, कडक बिस्किटं, खेड्यापाड्यांत घरोघर असतात ती. आजी त्यांना लोणी लावत होती. मी दुधाचा चहा उकळला, उरल्यासुरल्या दालचिनीची पूड टाकली, आणि बिस्कीट बुडवून दाखवलं. नगरच्या कुठल्याही हॉटेलातल्या बटरला मागे टाकेल असं ते भिजतं, आणि तुटून कपात पडत नाही, हा त्याचा मोठा गुण. आजीने एक खाल्लं. दुसरं खाल्लं. मग सवयीने खिडकीबाहेर पाहिलं, पण "असू दे" म्हणाली नाही.

दोन दिवसांत मी किती बिस्किटं खाल्ली, तो हिशेब मी ठेवलेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ढग उघडले आणि सेसना उतरलं. पायलटने दार उघडून सगळ्यात आधी जाळीचं पोतं आजीच्या हातात दिलं. कॅम्प संपल्यावर कांदे आले होते. आजीने पोतं छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी विमानाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिथे पायलटने मला लोणच्याची बरणी दिली. ती अर्धी होती.

"वजन थोडं कमी करून आणलं," तो म्हणाला.

मी पुढे बसलो. पट्टा मागच्या वेळेपेक्षा जरा सैल करावा लागला. धावपट्टीच्या कडेला आपापल्या विमानांची वाट बघत पोरं दप्तरांवर बसली होती. त्यांनी मला पाहून बेचा पाढा सुरू केला आणि आठापर्यंत बरोबर नेला. पायलट कागद गुडघ्यावर घेऊन पेन चावत होता.

"वजन?"

"196."

"नक्की?"

मी भुवया उचलल्या.

त्याने आकडा लिहिला आणि उड्डाणाआधी तपासतात तसं सुकाणू पुरतं मागे ओढून पाहिलं. माझ्या पुढ्यातलं चाक सरकत आलं, आणि येताना जिथे थांबलं होतं त्याच्या चांगलं दोन बोटं आधीच पोटाला येऊन टेकलं.