सांगलीला यलो अलर्ट म्हणजे पूर नाही? तो मेसेज आधी डिलीट करा

‘सांगलीकरांनो, घाबरू नका’ या मथळ्याचा मेसेज दोन दिवस फॅमिली ग्रुपवरून फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सांगली जिल्ह्याला फक्त यलो अलर्ट आहे, म्हणजे पूर येत नाही. कोयना धरण 75 टक्केच भरलं आहे. पूर येतो तो खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे, तेव्हा तेवढ्यावरच लक्ष ठेवा. विजा कडाडताना मोबाईल बंद ठेवा आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावू नका. शेवटी, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 45 फूट होईपर्यंत कुणी घर सोडू नका. सांगलीवाडीच्या आमच्या मावशीने हे वाचून माळ्यावर चढवलेली ज्वारीची पोती परत खाली घ्यायला सांगितली. म्हणून हे लिहायला बसलोय.

यलो अलर्टचं आधी बघू. अलर्टचा रंग त्या जिल्ह्यात पडणाऱ्या पावसासाठी असतो. नदी किती चढणार, हे तो सांगत नाही. सांगली शहरात महापूर आणणारं पाणी पडतं ते महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर, पाथरपुंज, चांदोली या पट्ट्यात. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खातं 204.5 मिलिमीटरपासून पुढे ‘अत्यंत जोरदार’ म्हणतं, म्हणजे हा त्याच्या जवळजवळ तिप्पट. तो पाऊस 22-23 तारखेचा, आणि आयर्विनला पाणी चढत राहिलं ते 24-25 पर्यंत, 54 फुटांच्या वर. त्या दिवसांत जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जत-आटपाडीला छत्री लागली की नाही, याने नदीला काही फरक पडत नव्हता. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘सातारा घाटमाथा’ आणि ‘कोल्हापूर घाटमाथा’ अशी वेगळी नावं असतात. सांगलीकराने आधी ती बघायची, आपल्या जिल्ह्याचं नाव नंतर.

कोयनेचं गणित मेसेजवाल्याने अर्धंच केलंय. धरणाची क्षमता 105.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. 75 टक्के भरलं असेल तर साधारण 26 टीएमसी जागा उरते, इथपर्यंत बरोबर. पण साडेअकरा हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी दिवसभर येत राहिलं की एक टीएमसी होतो. घाटात पाऊस लागून आवक लाखावर गेली, तर दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर. तीन दिवसांत ती जागा संपते. शिवाय धरण काठोकाठ भरेपर्यंत थांबत नाहीत. कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा हे ठरलेलं असतं, पातळी त्याच्या वर जायला लागली की दरवाजे उचलतात. पायथा वीजगृहातून 2,100 क्युसेक सोडलं की लगेच घाबरायचं नाही, हे मेसेजमधलं एक वाक्य मात्र खरं आहे. पण धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या बाकीच्या धरणांचं पाणी कुठे गेलं? आणि धरणांच्या खाली कऱ्हाड, वाळवा, पलूस भागात पडणारा पाऊस तर कुठल्याच दरवाजाने अडत नाही.

अलमट्टीचं थोडं मान्य करावं लागेल. खालच्या धरणातून विसर्ग वेळेवर वाढावा म्हणून दोन्ही राज्यांनी बोलत राहायला हवं, आणि अलमट्टीची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायला महाराष्ट्राचा विरोध आहे, तोही उगाच नाही. पण 2019 च्या महापुरानंतर राज्य सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने हे तपासलं आणि त्या पुराचं खापर अलमट्टीवर आणि कृष्णेवरच्याच हिप्परगी बंधाऱ्यावर फोडता येत नाही, असं सांगितलं. सांगलीचं पाणी तुंबतं ते जवळच. हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढे नरसोबावाडीला पंचगंगा. वारणा भरून वाहत असेल तर कृष्णेला पुढे सरकायला जागाच मिळत नाही. म्हणून कोयनेइतकंच लक्ष वारणेवरच्या चांदोली धरणाच्या विसर्गावर हवं.

विजेचं तर वाचून चीड आली. हातातल्या मोबाईलने वीज ओढली जात नाही. फोन बंद केला की पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवरचा विजेचा इशारा तेवढा बंद होतो. चार्जिंगला लावलेला फोन मात्र धरू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेत काम चालू असेल तर मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल सोडून आधी बाहेर या, एका टोकाला पडलेली वीज तारेवरून लांबपर्यंत जाते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावा. श्वास नसेल तर 108 ला फोन लावून छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाचेक सेंटिमीटर खोल दाबत राहा. त्याला शेणात-मातीत पुरून ठेवण्यात जी मिनिटं जातात, तीच त्याला वाचवायची असतात.

आता 45 फूट. या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. 40 इशारा आणि 45 धोका हे आकडे आयर्विन पुलाजवळचे आहेत, तुमच्या उंबऱ्याचे नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या सखल भागात 40 च्या आसपासच पाणी शिरतं. कुणाच्या दारात ते 50 ला येईल. तुमचा आकडा तुम्हीच काढा. 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं तेव्हाची खूण भिंतीवर असेल, तर तिथून उंबऱ्यापर्यंत टेपने मोजा. खूण उंबऱ्यापासून सात फुटांवर असेल, तर तुमच्या दारात पाणी 50 फुटांच्या सुमारास येतं. मग रस्त्याचा सगळ्यात खोलगट भाग बघा. तो उंबऱ्याहून तीन फूट खाली असेल, तर तुमची वाट 47 लाच बंद. निघायचं ते त्याच्याही तीन फूट आधी, म्हणजे 44 ला. पाणी तासाला चार इंच चढत असेल, तर हे तीन फूट नऊ तासांत संपतात, आणि त्यात रात्र आली की म्हातारी माणसं आणि जनावरं हलवणं होत नाही. ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला बोट उलटून माणसं गेली, ती गावाला वेढा पडल्यावर बाहेर काढताना.

निघताना मेन स्विच पाडा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टाकी खांबाला बांधा, नदीकाठच्या मोटरीचा स्टार्टर वर आणा. गोठ्यात कुणी थांबणार नसेल तर दावी सोडूनच जा. आणि मावशी, ज्वारी माळ्यावरच राहू दे.