मॉन्टिसेलोचा मळा जेफरसनने ‘स्वतःच्या हातांनी’ पिकवला नव्हता

बागकामाच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सारांश असा: अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याने विषारी समजला जाणारा टोमॅटो चारचौघांत खाऊन दाखवला आणि देशाला टोमॅटो दिला. व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलोला, म्हणजे त्याच्या राहत्या घराच्या जागी, डोंगर खोदून त्याने स्वतःच्या हातांनी मळा केला. तिथे एकाच वेळी 330 जातींच्या भाज्या, तेही खताशिवाय, आणि घराला बाहेरून भाजी आणावी लागत नसे. सोबत भरगच्च वाफ्यांचा फोटो.

हे खोडायला जेफरसनच्या विरोधकांकडे जायचं कारण नाही. त्याने 1766 ते 1824 या काळात बागेची वही ठेवली. ती वही, त्याची पत्रं आणि त्याच्याच घरातले हिशेब पुरेसे आहेत.

आधी टोमॅटो. 1780च्या दशकात छापलेल्या आपल्या व्हर्जिनियावरच्या पुस्तकात तो स्वतःच लिहितो की इथल्या बागांत खरबूज, कलिंगड, टोमॅटो, भेंडी, डाळिंब आणि अंजीर होतात. त्याच्या वहीत टोमॅटोची लावणी दिसते ती 1809 पासून. मधल्या काळात, राष्ट्राध्यक्ष असताना, त्याने वॉशिंग्टनच्या बाजारात कोणती भाजी कधी येते आणि कधी संपते याचा आठ वर्षांचा तक्ता केला. त्यात टोमॅटो आहे, जुलै ते नोव्हेंबर. म्हणजे त्याच्या वहीत लावणी चढण्याआधीच टोमॅटो बाजारात विकला जात होता. साउथ कॅरोलायनात हॅरिएट पिंकनी हॉरी हिने 1770 मध्ये सुरू केलेल्या पाककृतींच्या वहीत टोमॅटो हिवाळ्यासाठी टिकवण्याची कृती आहे. ज्याला लोक विष समजतात ते कोणी बरणीत भरून ठेवत नाही. काही लोकांना टोमॅटोची धास्ती होती हे खरं, पण सगळा देश जेफरसनच्या पहिल्या घासाची वाट बघत होता हे खोटं.

भेंडी आणि तीळ या मजकुरात नसतात, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. भेंडी आफ्रिकेतून आली. तिळाबद्दल तर 1808 मध्ये जेफरसनने नातीला स्पष्ट लिहिलं: तो आफ्रिकेतून काळ्या लोकांनी कॅरोलायनात आणला, आजवर त्याची लागवड तेच करत आले आहेत, ते तो भाकरीत घालतात, पालेभाजीबरोबर शिजवतात. तेलासाठी तीळ लावायची कल्पनाही त्याला आवडली होती. श्रेय कोणाचं हे त्याने लिहून ठेवलं, फॉरवर्डने गाळलं.

आता ‘स्वतःच्या हातांनी’. मळ्याची लांबी 1,000 फूट, रुंदी 80 फूट, म्हणजे साधारण 73 गुंठे. हे सपाट रान नव्हे, डोंगराच्या कुशीत कापलेली पायरी आहे. वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला भरायची आणि ती ढासळू नये म्हणून दगडी भिंत घालायची, जी काही ठिकाणी 12 फुटांपर्यंत चढते. हिशेब करून बघा: एवढ्या जागेत सरासरी एक फूट भर घालायची तरी 800 ब्रास माती लागते, आणि इथे उतार होता. हे काम 1806 नंतर सुमारे तीन वर्षं चाललं. ते भाड्याने आणलेल्या गुलामांनी केलं. भाडं त्यांच्या मालकाला मिळे, त्यांना नव्हे. कामाच्या बऱ्याच काळात जेफरसन वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष होता आणि सूचना पत्रांतून येत.

आयझॅक ग्रेंजर हा मॉन्टिसेलोत गुलाम राहिलेला लोहार. त्याने पुढे सांगितलेल्या आठवणींत जेफरसनच्या बागकामाचं माप आहे: करमणूक म्हणून, संध्याकाळच्या गारव्यात, कधीमधी अर्धा तास, पण मनापासून. त्याची आवड खोटी नव्हतीच. पण अर्ध्या तासात 73 गुंठे निंदून होत नाहीत.

निंदणी, रोपं, कंद, फुलांचे वाफे यांचा भार वर्मली ह्यूजवर होता. त्याचा जन्म 1781 चा, गुलामीतला. रॉबर्ट बेली या स्कॉटिश माळ्याच्या हाताखाली तो शिकला. मुकादम एडमंड बेकनला दिलेल्या सूचनांत जेफरसन लिहितो की फुलांचे वाफे, रोपवाटिका, द्राक्षं आणि रासबेरीची तण काढायला वर्मलीला सांग. 1826 मध्ये जेफरसनची कबरही वर्मलीनेच खणली. पुढच्या वर्षीच्या लिलावात त्याची बायको अर्सुला आणि मुलं विक्रीला उभी केली गेली.

330 हा आकडा खरा, ‘एकाच वेळी’ खोटं. ती अनेक दशकांत करून पाहिलेल्या जातींची बेरीज आहे, आणि वहीत ‘गेलं’, ‘उगवलं नाही’ अशा नोंदींची कमी नाही. मळ्याचे 24 भाग होते. 1812 मध्ये ते फळभाज्या, कंद-मुळं आणि पालेभाज्या असे वाटले गेले. लेट्यूसचा नियम आजही घेण्यासारखा आहे: 1 फेब्रुवारी ते 1 सप्टेंबर दर सोमवारी शिवताना बोटावर घालतात त्या टोपणभर (अंगुस्तानभर) बी पेरायचं. म्हणजे सुमारे 30 पेरण्या. कारण उन्हाळा चढला की लेट्यूस तुऱ्यावर येतं, पान कडू होतं, आणि माती फार तापली तर बी उगवतच नाही. त्यामुळे जुलैतले काही सोमवार वाया जाणार हे गृहीतच धरायचं.

खताशिवाय? 1793 मध्ये मुलीने किडीची तक्रार केली तेव्हा त्याचं उत्तर होतं की जमीन हलकी म्हणून झाडं अशक्त, आणि झाडं अशक्त म्हणून कीड. हिवाळ्यात सगळ्या बागेवर शेणखताचा जाड थर देऊ. त्याचं हे निदान अर्धंच बरोबर आहे. नत्र जास्त झालं तर कोवळ्या पानांवर मावाच वाढतो, म्हणून खत चांगलं कुजलेलं हवं.

घर बाहेरून भाजी घेत नसे, हा तर सरळ चुकीचा दावा. नात अ‍ॅन केरी रँडॉल्फने 1805 ते 1808 या काळात लिहिलेल्या हिशेबात गुलाम कुटुंबांकडून विकत घेतलेल्या काकड्या, कोबी, कोंबड्या, अंडी आहेत. ही भाजी त्या कुटुंबांच्या स्वतःच्या परसातली, रविवारी आणि दिवसभराचं काम आटोपल्यावर राखलेली. राष्ट्राध्यक्षाच्या ताटातली काकडी बऱ्याचदा तिथून आलेली असे.

आणि फोटो. जेफरसनचा मळा त्याच्यामागे टिकला नाही. आज दिसतात ते वाफे, भिंत आणि मधला छोटा मंडप हे 1979 पासून केलेल्या उत्खननावर आणि त्याच वहीवर बेतून पुन्हा उभे केलेले आहेत.