नोव्हगोरोद परीकथेतलं नगर नव्हतं

कल्पित जगातलं सरहद्दीवरचं व्यापारी नगर रचायला घेतलं, की कुणीतरी नोव्हगोरोदचा दाखला देतंच. समाजमाध्यमांवर तो साधारण असा फिरतो: रशियाच्या वायव्येला वोल्खोव्ह नदीकाठी एक मुक्त नगर होतं. ११३६ मध्ये त्याने राजाला हाकललं. मग घंटा वाजली की सगळे नागरिक चौकात जमायचे आणि मिळून निर्णय घ्यायचे. सत्ता व्यापाऱ्यांची होती. मंगोलांचं तिथे काही चाललं नाही. शेवटी मार्फा नावाची स्त्री नगराची प्रमुख झाली आणि १४७८ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने घंटा उतरवून एका फटक्यात सगळं संपवलं.

घंटा खरी आहे, सालंही खरी आहेत. बाकीचं जवळजवळ प्रत्येक वाक्य दुरुस्त करावं लागतं. मी ते करतोय, कारण या गोष्टीत नोव्हगोरोदची गरीब माणसं कुठेच नाहीत.

आधी राजाचं बघू. ११३६ मध्ये नगराने व्सेवोलोद या राजाला बायको, मुलं आणि सासूसकट बिशपच्या वाड्यात कोंडलं आणि तीस हत्यारबंद माणसांचा पहारा बसवला. आरोप काय होते? शेतकरी कुळांची काळजी घेत नाही, दुसऱ्या गादीवर डोळा ठेवला, लढाईतून सगळ्यांच्या आधी पळाला. दीड-दोन महिन्यांनी त्याला घालवून दिलं. पण त्याच वर्षी नगराने दुसरा राजा बोलावून आणला! पुढेही राजे येतच राहिले, मात्र कराराने बांधलेले. तेराव्या शतकातल्या करारांत अटी स्पष्ट आहेत: नोव्हगोरोदच्या मुलखात राजाने गावं घ्यायची नाहीत, पोसाद्निकाशिवाय, म्हणजे नगराने निवडलेल्या मुख्य कारभाऱ्याशिवाय, न्यायनिवाडा करायचा नाही, जर्मनांशी व्यापार करायचा तर नोव्हगोरोदच्या माणसांमार्फत. राजाशिवायच्या नगरापेक्षा मला हे कितीतरी मोठं वाटतं. राजाची गरज आहे हे ओळखून त्याला वेसण घातली होती.

गरज का होती, ते १२१५ मध्ये दिसलं. नोव्हगोरोदची जमीन दलदलीची, हंगाम तोकडा. स्वतःचं पीक बुडालं की धान्य दक्षिणेकडून, तोर्झोक नावाच्या गावाच्या वाटेने यायचं. त्या वर्षी कडाक्याच्या थंडीने पीक करपलं आणि नगराशी बिनसलेला राजा यारोस्लाव्ह तोर्झोकला जाऊन बसला. त्याने धान्याची एकही गाडी पुढे जाऊ दिली नाही. नगराच्या बखरीत नोंद आहे की लोकांनी पाइनची साल, लिंडेनची पानं आणि शेवाळ खाल्लं. सरहद्दीवरच्या नगराचं राजकारण समजून घ्यायचं असेल, तर तटबंदीच्या आधी धान्याची वाट बघावी.

आता घंटा. व्हेचे नावाची सभा होती आणि तिची ताकदही खरी होती. पण तिथे नेमकं कोण यायचं? आयुष्यभर नोव्हगोरोदचं उत्खनन केलेले वॅलेंतिन यानिन यांच्या मते त्या जागेत तीनशे ते पाचशेच माणसं मावत आणि ती वाड्यांची मालक असत. सभा इतकी लहान होती हे सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही. तरी पोसाद्निक बोयार, म्हणजे बड्या जमीनदार सरदारांच्या, घराण्यांतूनच निवडला जायचा, हे निर्विवाद आहे. नदीच्या दोन काठांवर दोन सभा भरायच्या आणि पुलावर हाणामारी व्हायची, अशा नोंदी पुष्कळ आहेत. १३५४ पासून एकाऐवजी सहा पोसाद्निक झाले, पंधराव्या शतकात ती संख्या विसाच्या पुढे गेली. भांडणारी घराणी अशी एकत्र खुर्चीवर बसली. पुलावरचे मार खाणारे बाहेरच राहिले.

व्यापाऱ्यांची सत्ता हाही गैरसमजच. हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी नगरांच्या संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांचं आवार नगरात होतं आणि त्यातलं सेंट पीटरचं चर्च मालाचं कोठार म्हणूनही वापरत. तिथून खारीची कातडी आणि मेण पश्चिमेला जायचं, मीठ, कापड आणि चांदी आत यायची. पण जिथून कातडी आणि मेण यायचं त्या उत्तरेकडच्या मोठाल्या जमिनी बोयारांच्या होत्या. व्यापारी दुसऱ्या पायरीवर.

मंगोल १२३८ मध्ये नगरापासून साधारण शंभर किलोमीटरवरून परतले, हे खरं. त्याआधी तोर्झोक दोन आठवडे झुंजत होतं आणि नोव्हगोरोदहून मदत गेली नाही. १२५९ मध्ये खंडणीसाठी शिरगणती करायला मंगोलांची माणसं नगरातच आली आणि त्यांच्या पाठीशी खुद्द रशियन राजा अलेक्झांडर नेव्हस्की उभा होता. बखरकार सांगतो, बोयारांनी स्वतःचा भार हलका ठेवला आणि सामान्य लोकांवर लादला.

मार्फा बोरेत्स्काया कुठल्याही पदावर नव्हती. ती एका पोसाद्निकाची श्रीमंत, वजनदार विधवा होती.

आणि एका फटक्यात तर काहीच संपलं नाही. १४ जुलै १४७१ ला शेलोन नदीवर नोव्हगोरोदची फौज मोडली, तेव्हा आर्चबिशपच्या घोडदळाने मॉस्कोवर चाल करायला नकार दिला होता. १४७८ मध्ये घंटा मॉस्कोला नेली. त्यानंतर हजारो जमीनदार उठवून दुसरीकडे बसवले आणि त्यांच्या जमिनी मॉस्कोच्या चाकरमान्यांना दिल्या. १४९४ मध्ये जर्मन आवाराला टाळं लागलं.

कल्पित नगर रचणाऱ्यांनी घंटेपेक्षा भूर्जपत्रं वाचावीत. १९५१ पासून नोव्हगोरोदच्या चिखलातून अशी अकराशेहून जास्त पत्रं निघाली: उधारीची, लग्नाची, तक्रारीची, बायकांनी लिहिलेलीसुद्धा. साधारण ११०० सालच्या एका पत्रात झिझ्नोमिर मिकुलाला कळवतो: तू प्स्कोव्हला दासी विकत घेतलीस, त्यापायी राणीने मला धरलं, सोबत्यांनी माझी हमी घेतली आहे. आता ज्याने विकली त्याला पत्र पाठव, त्याच्याकडे दुसरी दासी आहे का विचार. त्या दासीचं नाव पत्रात कुठेही नाही.