‘भावाला आत घेतलं आणि मला व्हरांड्यात बसवलं’ या कमेंटला उत्तर

ताई, तुमची कमेंट दोनदा वाचली, काल रात्री आणि परत सकाळी लोकलमध्ये. माझा लेख वाचून तुम्ही धाकट्या भावाला एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे ग्रुप) मिटिंगला घेऊन गेलात, पहिल्या ठिकाणी शाळेला कुलूप, दुसऱ्या ठिकाणी भाऊ आत आणि तुम्ही बाहेर व्हरांड्यात, वर आतून प्रार्थना ऐकू आली म्हणजे हे ख्रिश्चनांचं काहीतरी असणार, आणि मुळात ज्याला सोडायचीय तो मनावर घेतो आणि सोडतो, दहा जणांसमोर घरची अब्रू कशाला काढायची, असं तुमचं म्हणणं. राग येणारच. त्यातला निम्मा माझ्यामुळे आलाय.

कुलूप ही सरळ माझी चूक. ‘नेटवर यादी मिळते, जाऊन बसा’ असं ठोकून दिलं होतं मी. हे ग्रुप मागून मिळालेल्या जागेत भरतात, म्युनिसिपालिटीच्या शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल, शाळेला सुट्ट्या लागल्या किंवा परीक्षा आल्या की जागा हलते आणि यादी तशीच राहते. आधी फोन करायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या, आज मिटिंग आहे ना, आणि ओपन आहे की क्लोज.

तुम्हाला बाहेर का बसवलं तेही यातच आलं. क्लोज मिटिंगला फक्त ज्याचा स्वतःचा दारूचा प्रॉब्लेम आहे तोच बसतो, ओपनला घरचे, मित्र, कुणीही. हे तुम्हाला दारातच नीट सांगायला हवं होतं, चहा तरी विचारायचा, ते त्यांचं चुकलंच. पण सख्खी बहीण समोर बसलेली असताना तुमचा भाऊ बाटली कुठे लपवतो ते बोलला असता का? मी नसतो बोललो. (माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात.) घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळे ग्रुप असतात, एए सुरू करणाऱ्या बिलच्या बायकोने, लोइसने, 1951 मध्ये त्याची सुरुवात केली, कारण तिचेही असेच व्हरांडे झाले असणार. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, पण तुम्ही बहीण, तुम्हाला अल-अनॉन बरं.

ख्रिश्चन म्हणाल तर मूळ आहेच, लपवायचं काय त्यात. 1935 मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअरबाजारवाला, म्हणजे हाच बिल, आणि एक सर्जन, दोघेही दारूने पार गेलेले, एकमेकांशी बोलून सावरले, तिथून एए सुरू झालं आणि दोघंही त्या वेळी एका ख्रिस्ती गटात जात होते. पण एएच्या दारू सोडण्याच्या ज्या बारा पायऱ्या आहेत त्यांमध्ये लिहिलंय ते ‘ईश्वर, जसा आपल्याला समजला तसा’. आमच्या ग्रुपात एकजण गजानन महाराजांचा फोटो खिशात ठेवतो आणि एक जुने युनियनवाले काका आहेत ते प्रार्थनेला नुसते उभे राहतात, कुणी काही म्हणत नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, शेवटी पिशवी फिरते त्यात चहापाण्याला जमेल ते टाकायचं.

आता मनावर घेण्याचं. ताई, मी दरवर्षी श्रावण कडक पाळायचो. गटारीला तुडुंब आणि मग महिनाभर थेंब नाही, ऑफिसच्या पार्टीतसुद्धा लिंबू सरबत, बायको कौतुकाने सगळ्यांना सांगायची. म्हणजे मनावर घेणं जमत होतंच की! सोडता मला अकरा वेळा आली, गणपती उठले की त्या रात्री परत धरायचो आणि ते कसं थांबवायचं हे एकट्याला कधी सुचलं नाही. ग्रुप त्या रात्रीसाठी असतो, आठ वाजता फोन करायला कुणीतरी ज्याला ‘फक्त एकच घेतो’ ही ओळ स्वतःची पाठ आहे.

आणि सगळ्यांना लागू पडतं असंही नाही. 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं, एकत्र तपासली, त्यात एएला जोडून देणाऱ्या उपचारात वर्षभराने पूर्ण कोरडे राहिलेले 42 टक्के आणि बाकीच्या उपचारांत 35. फरक आहे, पण जादू नाही, शंभरातले 58 इथेही अडखळलेच.

एक गोष्ट तुम्ही धरली नाहीत आणि ती माझी सगळ्यात मोठी चूक आहे. तुम्ही जाता जाता लिहिलंय की भावाचे सकाळी हात थरथरतात, घेतल्यावर थांबतात. असं असेल तर त्याला एकदम बंद करायला लावू नका, मिटिंगमध्ये कुणी सांगितलं तरी नाही. रोजची दारू झटक्यात तुटली की फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमात जाऊन नको ते दिसायला लागतं, जिवावर बेततं. आधी डॉक्टर, मानसोपचारवाले असले तर उत्तम, गोळ्या देऊन उतरवतात. कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416 किंवा व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446. लेखात हे आज सकाळी वर टाकलंय, तो कुलूपवाला पत्ताही काढलाय.

डॉक्टर झाले की दुसऱ्या एखाद्या ग्रुपला पाठवा, प्रत्येक ग्रुपची हवा वेगळी असते, मला तिसरा जमला. आणि तो गेटपासून परत आला तर चिडू नका. मी पहिल्या दिवशी गेटवरून तीनदा पुढे निघून गेलो, मग समोरच्या भाजीवालीकडून उगाच कोथिंबीर घेतली आणि ती जुडी हातात धरूनच दुसरीतल्या पोरांच्या बाकावर गुडघे वर करून तासभर बसलो, कोथिंबीर कशाला आणली हे कुणीही विचारलं नाही.