चॅटम हाऊस 'गुप्त मंडळ' आहे म्हणे!

लंडनच्या चॅटम हाऊसबद्दलचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रश्नांवर अभ्यास आणि चर्चा करणाऱ्या संस्थेबद्दलचा, फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. आत बोललेला शब्द बाहेर फुटत नाही, ब्रिटिश सरकारच ते चालवतं, पैसा कुणाचा ते कळत नाही आणि आपल्यासारख्यांना तिथे थारा नाही, असे त्यात चार दावे. शेवटच्यात थोडा दम आहे, म्हणून आधी बाकीचे.

'गुप्त' हे प्रकरण आलं 'चॅटम हाऊस रूल'वरून. 1927 चा हा नियम एकुलता एक, जेमतेम एका वाक्याचा. बैठकीत कळलेली माहिती खुशाल वापरा. कोण बोललं, ते कुठल्या संस्थेचं, आणखी कोण हजर होतं, एवढं मात्र सांगायचं नाही. पुण्यात एका परिसंवादात अध्यक्षांनी "चॅटम हाऊस रूल आहे, कुणी काही लिहून घेऊ नका" असं बजावलं होतं. मी वही मिटली नाही. शिवाय हा नियम सरसकट नसतो, बैठकीपुरता जाहीर करावा लागतो. 20 ऑक्टोबर 1931 ला, गोलमेज परिषदेच्या दिवसांत, गांधीजी तिथे बोलले. पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आजचा भारत जास्त निरक्षर आहे, इंग्रजांनी माती उकरून मुळं उघडी टाकली आणि झाड मेलं, असं ते म्हणाले. हे भाषण नावानिशी संस्थेच्याच नियतकालिकात छापून आलं. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ सर फिलिप हारटॉग यांनी पुरावा मागितला, पत्रापत्री झाली. त्या वाक्यावरून इतिहासकार अजून भांडतात. गुप्त मंडळाचा हा कसला कारभार?

सरकारचं म्हणाल, तर संस्था 1920 ची, 1926 मध्ये तिला राजसनद, म्हणजे राजाच्या नावानं मान्यता, मिळाली, आणि 'राज' शब्दानं घोटाळा होतो. संस्था म्हणून तिनं आंतरराष्ट्रीय प्रश्नावर मत द्यायचं नाही, असं तिचे नियमच सांगतात. मत असतं ते लिहिणाऱ्याचं. कारभारी कौन्सिल सभासद निवडतात. जवळीक मात्र होतीच. दुसऱ्या महायुद्धात तिचं एक संशोधन पथक परराष्ट्र खात्यासाठी राबलं आणि 1943 मध्ये खात्यातच सामावलं गेलं.

पैशाचं उत्तर छोटं आहे. देणगीदारांची नावं वार्षिक अहवालात रकमेच्या टप्प्यांनुसार छापतात. टप्पा कळतो, नेमका आकडा नाही, ही माझी तक्रार. यादीत सरकारं आहेत, तेल कंपन्याही दिसल्या आहेत. ऊर्जेवरचा अहवाल वाचताना ते पान शेजारी उघडं ठेवावं.

राहिला थारा. सभासद होता येतं, पण वर्गणी पौंडांत आणि बहुतेक बैठका लंडनात. साम्राज्याच्या काळात तर 1936 ला निघालेली तिची भारतीय संलग्न संस्था इथल्या राष्ट्रवाद्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वळणाची वाटे. म्हणून 1943 मध्ये पुण्याच्या भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू, तेजबहादूर सप्रू वगैरेंनी दिल्लीत 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स' ही स्वतंत्र संस्था काढली. 2001 च्या कायद्यानं ती सरकारच्या छत्राखाली गेली. उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष. फॉरवर्डमध्ये तिचं नाव नाही.